मी कडक झालो आणि ती खोटी ठरली

मी एका जुन्या मोटारीच्या ब्रेकचा पायडल आहे. मित्रांनो, तुम्ही गाडीत शेकडो वेळा बसला असाल, पण माझ्याकडे कधी वाकून पाहिले नसेल. मी चालकाच्या पायाशी, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. डावीकडे क्लच, उजवीकडे ॲक्सिलरेटर आणि मध्ये मी. मला माणसांची तोंडे दिसत नाहीत, फक्त चपला-बूट दिसतात. बोलणे मात्र सगळे ऐकू येते. तुम्हाला वाटेल, एवढासा लोखंडाचा तुकडा, याला कसली आली आहे काळजी? पण खरे सांगतो, माझ्याइतका काळजीने पोखरलेला जीव त्या अख्ख्या गाडीत दुसरा नाही.

माझे काम तसे सोपे आहे. पाय मला दाबतो, मी एक दांडा ढकलतो, दांडा तेलाला रेटतो, आणि ते तेल बारीक नळ्यांमधून चारही चाकांपाशी जाऊन तिथल्या ब्रेकच्या पट्ट्यांना चाके घट्ट धरायला लावते. म्हणजे नाव माझे, पण काम तेलाचे. माझी सगळी अब्रू त्या तेलाच्या हातात. आणि ते तेल कसे आहे, हे मला इथून कधी दिसत नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पट्टी कापली, वाकवली, टोकाला रबराचे जाड टोपण बसवले. एक चष्मेवाल्या बाई आम्हा प्रत्येकाला तीन-तीनदा दाबून पाहत. माझी पाळी आली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "खिडकी अडकली तर माणूस नुसता चिडतो. हा अडकला तर..." पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. त्यांनी मला बाजूला ठेवले आणि पुढचा पायडल उचलला. ते अर्धे वाक्य घेऊनच मी जगात आलो.

माझी गाडी ज्यांनी घेतली, ते बसचे ड्रायव्हर होते. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांनी बत्तीस वर्षे लांबच्या मार्गावर बस चालवली होती, आणि त्यांच्या हातून साधी सायकलही कधी खरचटली नव्हती. त्यांच्या बसमध्ये उभ्या प्रवाशाच्या पेल्यातले पाणी हिंदकळत नाही, असे डेपोतले लोक सांगत. ती थाप नसावी, कारण तो पाय मी ओळखतो. चामड्याचा जुना, रोज पुसलेला बूट. अंड्यावर पाय ठेवावा तसे ते मला दाबायचे. गाडी थांबायची, पण थांबली हे मागे झोपलेल्याला कळायचेही नाही. असा पाय मिळाला म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होतो.

घरात आई होत्या, आणि एकुलती एक लेक. लेक डोंगरावरच्या रुग्णालयात परिचारिका होती. गाडी चालवायला तिला बाबांनीच शिकवले. एका ओसाड मैदानात रोज सकाळी तासभर धडे चालत. सुरुवातीला तिचे कापडी बूट माझ्यावर असे आदळायचे, की पुढच्या काचेवर नाक आपटायची वेळ यायची. बाबा म्हणायचे, "अगं, झुरळ मारायचं नाहीये." हळूहळू तिचा पाय निवळला, आणि वर्षभरात तो जवळजवळ बाबांसारखाच झाला. बाबा निवृत्त झाल्यावर गाडी मुख्यतः तिच्याच हाती आली. रोज सकाळी अकरा वळणे चढून रुग्णालय, आणि पाळी संपली की तीच वळणे उतरून घर.

गाडीची देखभाल मात्र बाबा स्वतः करत. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. दर महिन्याला झाकण उघडून ते ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी पाहत. पातळी उतरली असेल, तर पडवीतल्या फळीवरचा डबा आणून थोडे तेल ओतत. त्या डब्याचे झाकण चेपलेले होते, नीट बसत नव्हते. बाबा त्यावर प्लास्टिकचा कागद बांधून ठेवत. एकच डबा कितीतरी वर्षे पुरला, याचा त्यांना अभिमान होता. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. पण अलीकडे, खूप उतरून आल्यावर, समोरचा रेटा किंचित लेचापेचा लागायचा. मी मनाला समजवायचो की वय झाले. मनाची समजूत घातली की काळजी जाते, असे थोडेच आहे?

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली. लेक एकटीच उतरत होती. पुढे पाण्याचा टँकर मुंगीच्या पावलाने चालला होता, आणि त्याला मागे टाकायला जागा नव्हती. पहिल्या वळणापासून तिचा पाय माझ्यावर येत होता, जात होता, पुन्हा येत होता. तिने गिअर खाली घेतला होता, घाई केली नव्हती. सातव्या वळणाच्या अलीकडे तिने मला दाबले आणि मी खाली गेलो. नेहमी जिथे थांबतो, तिथे थांबलो नाही. समोरून रेटा आलाच नाही. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसे झाले. मी थेट खालच्या चटईला टेकलो.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडायचे होते. पण पायडलाला तोंड नसते.

लेकीने मला पुन्हा पुन्हा दाबले. हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि मातीच्या भिंतीला घासत घासत ती थांबवली. डावा मडगार्ड चेपला. तिचा पाय माझ्यावर तसाच होता. खूप वेळ ती तिथेच बसून राहिली. मग गाडी सुरू करून, जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने, ती घरी आली.

बाबांनी आधी मडगार्ड पाहिला. मग सगळे ऐकून न घेताच ते आत बसले आणि त्यांनी मला दाबले. आणि मी कडक होतो. मित्रांनो, मी अगदी नव्यासारखा कडक होतो.

"दगडासारखा आहे पायडल," बाबा म्हणाले. "ब्रेकला काहीही झालेलं नाही."

"बाबा, पाय पार खाली गेला होता."

"घाबरलं की माणसाला तसं वाटतं."

हे ते रागाने बोलले नाहीत, समजूत घालावी तसे बोलले, आणि तेच तिला जास्त लागले. ती म्हणाली की पाय खाली गेला तेव्हा ती घाबरलेली नव्हती, घाबरली ती नंतर. बाबांनी पुन्हा एकदा मला दाबून दाखवले. मी पुन्हा कडक. कोर्टात साक्षीदाराने खोटी साक्ष द्यावी तशी मी साक्ष दिली. मनात नसताना दिली, पण दिली. तिने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि ती घरात निघून गेली.

त्यानंतर बापलेकीचे बोलणे बंद झाले. भांडण असे नव्हतेच, नुसता अबोला. लेक बसने रुग्णालयात जाऊ लागली. निरोप सगळे आईंमार्फत. बाबा म्हणायचे, तिला सांग उद्या पाणी येणार नाही. लेक म्हणायची, त्यांना सांग मला माहीत आहे. दोघेही एकाच खोलीत असायचे. एकदा गाडीत बसताना आई बाबांना म्हणाल्या, की या घराचे मला पोस्ट ऑफिस केले आहे, निदान तिकीट तरी लावत जा. पुढे आईंनीच एकदा त्यांना सांगितले की लेक आता बसमध्येही उतारावर डोळे मिटून बसते, आणि आईंना विचारते, आई, मला खरंच भास झाला असेल का गं? बाबांचा बूट तेव्हा माझ्यावर होता. तो जरासा हलला, एवढेच.

मी मात्र रोज मरत होतो. बाबा जवळपास बाजारात जायचे, सपाट रस्त्यावर, आणि मी शहाण्या मुलासारखा वागायचो. प्रत्येक वेळी मी नीट थांबलो, की तिच्या खोटेपणावर आणखी एक शिक्का बसायचा.

चार महिने असे गेले. मग आईंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले, डोंगरावरच्या त्याच रुग्णालयात. लेकीने आईंमार्फत सांगितले की त्या गाडीने नको. बाबांनी आईंमार्फतच उत्तर दिले की गाडी दारात असताना भाड्याची कशाला? शेवटी लेक गप्प बसली, पण आईंसोबत तीही आली. ऑपरेशन नीट पार पडले. दुपारी आईंच्या डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा उन्हाने मिटलेला, अशा स्थितीत तिघे निघाले. मायलेकी मागे बसल्या. लेक मुद्दामच बाबांच्या मागे बसली होती.

त्या दिवशी पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक होता. पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते, गाडीत तीन माणसे, आणि उतार तोच. बाबांनी सगळे बिनचूक केले. गिअर खाली, अंतर राखलेले, पाय हलका. मला वाटले, या पायाशी तरी मी दगा करणार नाही. पाचव्या वळणावर मी मऊ पडलो. सहाव्यापाशी ट्रकने वेग कमी केला, बाबांनी मला दाबले, आणि मी चटईला टेकलो.

तो बूट माझ्यावर क्षणभर गोठला. बत्तीस वर्षांत त्या पायाला जे ठाऊक नव्हते, ते तेव्हा ठाऊक झाले. त्यांनी मला दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. मागून लेकीला त्यांचा गुडघा वर-खाली होताना दिसला असावा. ती पुढे वाकली. आईंना कळू नये इतक्या हळू, पण ऑपरेशनच्या खोलीत बोलावे तितक्या स्पष्ट आवाजात ती बोलली.

"बाबा, पहिला गिअर. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही. डावीकडे खाणीचा रस्ता आहे, तो वर चढतो. तिकडे घ्या."

चार महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली, ती ही वाक्ये. बाबांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. इंजिन कळवळून ओरडले, हँडब्रेक करकरला. ओंडक्यांची टोके काचेपासून दोन हातांवर आली होती, असे लेक नंतर सांगत होती. मग चाकांखाली खडी वाजली, गाडी चढाला लागली, मंदावली आणि थांबली.

"अहो, का थांबलो?" आईंनी विचारले.

"इंजिन तापलंय. जरा थांबू."

"मग तुमचा आवाज का असा झालाय?"

बाबांनी इंजिन बंद केले. अर्धा तास गेला. लेक आईंना पाणी पाजत होती. मग बाबांनी सावकाश पाय उचलला आणि मला दाबले. मी कडक झालो होतो. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबले. कडक. त्यांचा श्वास मला वरून ऐकू येत होता.

"त्या दिवशीही असंच झालं होतं?" त्यांनी मागे न वळता विचारले.

"हो."

"आणि गार झाल्यावर असाच कडक?"

"हो, बाबा."

ते खाली उतरले. ते कुठे गेले हे मला दिसले नाही, पण पत्र्यावर तळहात टेकल्याचा बारीक आवाज आला. डाव्या मडगार्डाच्या बाजूने आला. त्यांनी गाडी पुढे एक पाऊलही नेली नाही. आईंना आणि लेकीला ओळखीच्या गाडीतून घरी पाठवले, आणि मला दोरखंडाने ओढत नव्हे, तर ट्रकवर चढवून डोंगराच्या पायथ्याच्या गॅरेजात नेले.

ते गॅरेज एक बाई चालवत. साठीला टेकलेल्या, हात कोपरापर्यंत काळे. येणारा-जाणारा त्यांना मावशी म्हणे. मावशींनी टाकीचे झाकण काढले, तेल काचेच्या बरणीत घेतले आणि उजेडात धरले. ते काढ्यासारखे काळपट झाले होते, असे त्या म्हणाल्या.

"तेल कधी बदललं होतं?"

बाबा म्हणाले, कमी झाले की घालतो.

"घालणं वेगळं आणि बदलणं वेगळं," मावशी म्हणाल्या. "हे तेल हवेतला ओलावा पीत राहतं. वर्षानुवर्षं प्यायलंय हे. उतारावर चाकं तापली की आतल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं तर पुढे रेटतं, वाफ दाबली तर नुसती दबते. म्हणून पाय खाली. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पायडल कडक. लोकांना वाटतं, चालवणाऱ्याचीच चूक."

बाबांनी मग घरी जाऊन तो चेपलेल्या झाकणाचा डबाही आणून दाखवला. मावशींनी तो हुंगून बाजूला ठेवला. बाबा हळू आवाजात म्हणाले की बत्तीस वर्षे बस चालवली, तिथे तर कधी तेल बदलावे लागले नाही. मावशी हसल्या. "बसचा ब्रेक वाऱ्यावर, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालतो. तिथे वारा हवाच. इथे वाराच वैरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले, चाके काढली, आतली रबरे आणि नळ्या तपासल्या. तेल काढून नवे भरायचे आणि नळ्यांतली हवा काढायची, हे काम दोघांचे आहे, असे त्यांनी सांगितले. एकाने पायडल दाबायचा, दुसऱ्याने चाकापाशी छोटी तोटी उघडायची. त्या स्वतः टाकीवर नजर ठेवणार होत्या, कारण टाकी मध्येच रिकामी झाली तर वरून हवा शिरते. बाबांना चाकापाशी बसायचे होते, पण त्यांचे गुडघे वाकेनात. तेवढ्यात लेक पाळी संपवून, गणवेशातच, तिथे आली. तिने न विचारता बाह्या वर केल्या.

आधी टाकीतले जुने तेल तिने सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने ओढून घेतले. तो हात सराईत होता, एक थेंब रंगावर सांडला नाही. हे तेल रंग खाते, असे मावशींनी बजावलेच होते. मग सीलबंद डबा फोडून नवे तेल भरले. मी फार खाली जाऊन आतली रबरे दुखवू नयेत, म्हणून मावशींनी माझ्याखाली लाकडाचा तुकडा ठेवला. सगळ्यांत लांबचे चाक आधी. लेकीने तोटीला पारदर्शक नळी लावली, तिचे दुसरे टोक थोड्या तेलाच्या बाटलीत बुडवले आणि हाक दिली.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. उघडते. बंद केली. आता सोडा."

मित्रांनो, ही माझ्या आयुष्यातली सर्वांत भीतीची सकाळ होती. तोटी उघडी असताना पाय सुटला, तर नळी उलटी हवा ओढते आणि सगळे मुसळ केरात. दाबा, धरा, सोडा. किती वेळा झाले, मी मोजले नाही. काळे तेल गेले, बुडबुडे गेले, मग मधासारखे स्वच्छ तेल आले, असे लेक तिकडून सांगत होती. दुसरे चाकही तसेच झाले.

तिसऱ्या चाकाची तोटी गंजलेली होती. मावशींनी गंज सोडवणारे तेल मारून तिला थोडा वेळ भिजू दिले. जोर केला तर तुटेल, म्हणाल्या. अखेर ती उघडली, आणि मी लाकडाला टेकलो. पण बंद करायच्या वेळी लेकीच्या तेलकट हातातून पाना निसटला आणि गाडीखाली लांब घरंगळत गेला. तोटी उघडी, बाबांचा पाय माझ्यावर.

"बाबा, सोडू नका."

"नाही सोडत."

ती सरपटत खाली गेली. बाबांच्या पोटरीत गोळा आला. मला तो बुटातूनही कळला, कारण पाय लाकडासारखा ताठ झाला आणि मग आतून कापू लागला. आता सुटतो की काय, या धास्तीने मी अर्धा झालो. बाबा मात्र कळ गिळत बसले होते. आणि तशातच, तिचे तोंड दिसत नसताना, ते बोलले.

"तू सांगितलंस तेव्हा मी ऐकून घ्यायला हवं होतं. मी तुला विचारलंसुद्धा नाही नीट. पायडल दाबला आणि तुला खोटं ठरवलं."

पाना दगडी फरशीवर खरवडला.

"बाबा," ती म्हणाली, "अजून सोडू नका."

"धरलंय गं."

"हं. झाली बंद. आता सोडा."

त्यांनी पाय उचलला आणि बराच वेळ ते पोटरी चोळत बसले. बाटलीत एकही बुडबुडा आला नव्हता. चौथे चाक सहज झाले. मावशींनी स्वतः बसून मला दाबले, धरून ठेवले, पुन्हा दाबले, आणि मान्य केल्यासारखा हुंकार दिला. टाकीजवळ त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर त्या दिवसाची तारीख होती, आणि दोन वर्षांनंतरची. जुन्या डब्यात उरलेले तेल बाबांनी परत मागितले नाही.

दोन दिवसांनी लेक मला घेऊन डोंगरावर गेली. उतरताना बाबा शेजारी बसले होते. पहिल्या वळणाआधी तिने मला हलकेच दाबून पाहिले. मी होतो. दुसऱ्याआधी पुन्हा, तिसऱ्याआधीही. अकराही वळणे मी तिला रेटा दिला. पण तिची भीती एका दिवसात गेली, असे मी सांगणार नाही. ती आजही प्रत्येक वळणाआधी मला चाचपते. आणि माझीही काळजी सरलेली नाही, कारण नवे तेलही भरल्या दिवसापासूनच ओलावा प्यायला लागले आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना विचारा, ब्रेकचे तेल शेवटचे कधी बदलले. कधी घातले असे नव्हे, कधी बदलले. उघडा राहिलेला जुना डबा वापरू देऊ नका. आणि कधी घरातले कोणी येऊन म्हणाले की पाय खाली गेला, तर मला दाबून पाहायची घाई करू नका. तेव्हा मी कडकच लागेन. आधी गाडी उभी करा. मग त्या माणसाजवळ बसा आणि त्याचे सगळे ऐकून घ्या.